सात आठवडे, पाच दिवस

माझ्या चुलत सासूला मी काकी म्हणते. कळसला आमचं आणि तिचं घर एकाच अंगणात, समोरासमोर आहे. मध्ये पाण्याचा हौद आणि दोन्ही घरच्या गाड्या लावता येतील एवढी जागा. बोलताना मी तिला 'तुमी' म्हणते, सणावाराला तिच्या पायाही पडते. इथं मात्र 'ती'च लिहिणार. नवऱ्यालाही 'तो'च लिहिणार. एवढं तरी माझ्या हातात आहे.

काकी दहावी पास. तिच्या वयाच्या बायकांत आमच्या गल्लीत दुसरी कुणी एवढी शिकलेली नव्हती. त्यामुळं कुणाला बँकेचा कागद आला, दवाखान्याची चिठ्ठी मिळाली, पोराचा निकाल लागला, की माणूस आधी काकीच्या ओसरीवर. ती पदरानं चष्मा पुसायची, ओठ हलवत सगळं वाचायची आणि मग कागदाची घडी घालून काय ते सांगायची. तिनं सांगितलं की विषय संपला. माझी सासू तर विजेचं बिलसुद्धा तिला विचारल्याशिवाय भरायची नाही.

मी कन्हेरीची. बारामतीत बी. कॉम. केलं आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात लग्न होऊन कळसला आले. सासरी ऊस आणि डाळिंब. लग्नानंतर पाळी चुकली आणि मी सासूला सांगितलं, तेव्हा ती खूश झाली. चार दिवसांनी इंदापूरला सोनोग्राफीला जायचं ठरलं. सासूला धारा काढायच्या होत्या, म्हणून काकी म्हणाली, "मी जाते की संगं. कागद वाचायला कुनी तरी पायजे."

पहिल्या सोनोग्राफीला लघवी तुंबवून ठेवावी लागते हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी एक बाटली पाणी प्यायले, बाकावर पाय आवळून बसले. आत गेल्यावर पोटावर थंडगार जेली लावली आणि डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं वळवला. काळ्या गोलात शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं. "हे ठोके," डॉक्टर म्हणाले. "सगळं चांगलंय. पुढच्या महिन्यात या." बाहेर रांग मोठी होती, त्यांना वेळ नव्हता, आणि मलाही काही विचारायचं सुचलं नाही. मी ते लुकलुकणं डोळ्यांत धरून बाहेर आले.

रिपोर्ट काकीच्या हातात होता. नवरा औषधं आणायला गेला होता. काकीनं चष्मा लावला, एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि मग उजव्या हाताचा अंगठा एकेका पेरावर ठेवत काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग फाईल बंद करून माझ्याकडं बघून हसली. येताना तिनं डझनभर केळी घेतली, त्यातली दोन मला गाडीत सोलून दिली. मला वाटलं, किती माया करते ही बाई.

दोन दिवसांनी दूध घालायला डेअरीवर गेले, तर तिथल्या बायका बोलायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातली म्हातारी माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "लवकर दिसायला लागलं गं." दिसत काहीच नव्हतं. सासू दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शेवटी मीच तिला विचारलं, "आत्या, काय झालंय?"

ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मी काय म्हनत न्हाय बाई. लोकं म्हनत्यात."

"काय म्हणतात?"

"लगीन दीड म्हयन्याचं, आन् कागदावर दोन म्हयनं. वैनींनी सोता वाचलंय." सासू काकीला वैनी म्हणते.

मी आत जाऊन रिपोर्ट काढला. त्यावर छापलेलं होतं: सात आठवडे, पाच दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लग्नापासून सोनोग्राफीपर्यंत मोजलं. बरोबर सहा आठवडे. मी तीनदा मोजलं.  मला माहीत होतं की मी खोटी नाही, पण हा कागद असं का म्हणतो ते मला माहीत नव्हतं. मशीन चुकलं असेल असं वाटलं. मग वाटलं, मशीन चुकलंय हे मी कुणाला पटवून देणार आहे? मी बी. कॉम. झालेली बाई, आणि माझ्याच पोटाबद्दल मला एका ओळीचं उत्तर देता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी नवरा डाळिंबाच्या बागेत ठिबकचा फिल्टर धूत होता. मी चहा घेऊन गेले. त्यानं चहा घेतला, कपात बघत म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा."

"कागदावर जादा दिवस कसं काय आलं?"

लग्नाला दीड महिना झाला होता. या माणसाला ओळखते असं मला वाटायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटत न्हाय. काकी म्हनती म्हनून इचारलं."

मी कप त्याच्या हातातून घेतला. तो अर्धा भरलेला होता. तो मी त्याच्यासमोर डाळिंबाच्या बुडात ओतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी भावाला बोलावून घेतलं आणि कन्हेरीला निघून गेले.

आईला सगळं सांगितल्यावर ती रडली नाही. ती मला बारामतीत एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी रिपोर्ट बघितला, माझं लग्न कधी झालं ते विचारलं, शेवटची पाळी कधी आली ते विचारलं. मी सांगितलं, लग्नाच्या बारा दिवस आधी. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग हे बरोबरच आहे की. कोण काय म्हणालं?"

 माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू घेतली आणि त्यावर एक आडवी रेघ ओढली.

"बाळ नक्की कुठल्या दिवशी राहिलं हे कुणालाच सांगता येत नाही. आईलाही नाही, मलाही नाही. पण पाळी कधी आली ते बाईला माहीत असतं. म्हणून सगळ्या जगात गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. हा तुझा पाळीचा दिवस." त्यांनी रेघेच्या टोकाला खूण केली. "बाळ राहतं त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. इथं. म्हणजे रिपोर्टमधले पहिले दोन आठवडे तुझ्या पोटात काहीच नव्हतं. तरी ते मोजले जातात. तुझ्याच नाही, प्रत्येकीच्या. सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंत लांबी मोजतात आणि मशीन त्यावरून आठवडे सांगतं, तेही याच हिशोबानं. सहा आठवडे आणि बारा दिवस किती झाले?"

"सात आठवडे, पाच दिवस."

"झालं तर मग."

मी तिथंच खुर्चीत बसून आधी रडले आणि मग हसायला लागले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर आल्यावर ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, पण तुझी तारीख त्यांना म्हाईत व्हती की."

"कुणाला?"

"तुझ्या त्या चुलत सासूला. लग्नाचा दिवस धरायच्या आधी तिचाच फोन आला व्हता. लग्नानंतर देवाला जायचंय, पोरीची तारीख मधी यायला नको, म्हनून इचारत व्हती. मी सगळं सांगितलं. त्यावरनं तर दिवस धरला."

तोपर्यंत मला दुःख होत होतं. त्या क्षणापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. काकीला हे आठवत नव्हतं, की आठवूनही तिनं जुळवलं नाही, की जुळवूनही ती गप्प राहिली, यातलं कुठलं खरं ते मला आजही ठाऊक नाही. तेव्हा त्यानं मला काही फरक पडत नव्हता.

मी सासरी निरोप पाठवला की पुढच्या सोनोग्राफीला नवऱ्यानं बारामतीला यावं, त्याशिवाय मी परत येणार नाही. तो आला. तिसरा महिना संपत आला होता. या वेळी पडद्यावर हात, पाय, नाक सगळं दिसत होतं. बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात, त्यावरून काही दोष असण्याची शक्यता कळते, पुढं तपासण्या करायच्या का ते ठरतं, हे बाईंनी समजावून सांगितलं. सगळं नीट होतं. नवरा पडद्याकडं बघून पाघळला होता. तेवढ्यात मी म्हणाले, "मॅडम, माझ्या मिस्टरांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी जेली पुसत होते. "विचारा ना. मला विचारलं होतं ते विचारा."

"काय न्हाय मॅडम."

"विचारा."

खोलीत नर्स होती, आई होती. त्याचे कान लाल झाले. शेवटी खाली बघत त्यानं विचारलं, "ते... दिवस जादा कसं धरत्यात?" बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं सगळं पुन्हा सांगितलं. त्यातल्या प्रत्येक वाक्याला तो मान हलवत होता. मला फार बरं वाटलं.

कळसला परत जाताना गाडीत तो म्हणाला, "मला म्हाईत व्हतं गं तू तशी न्हायस."

"मग विचारलं कशाला?"

 घरी जाऊन त्यानं काकीला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, हे खरं. काकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरला काय, पेशंट टिकवायचं असतंय." ते पुन्हा गल्लीभर झालं. तो परत तिच्याशी बोलायला गेला नाही. मोठ्या माणसांशी कसं भांडायचं, असं त्याचं म्हणणं.

मुलगी झाली ती डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी. पूर्ण दिवसांची, तीन किलोची. पण लग्नाला नऊ महिने पुरे व्हायला अजून थोडे दिवस बाकी होते. बारशाला काकीनं पाळण्याशी उभं राहून पुन्हा बोटं मोजली. "नऊ म्हयनं नऊ दिवस भरायला पायजेत. हिचं काय भरलं न्हाईत. तरी बाळ कसं टम्म हाय बघा." बायका हसल्या. नऊ महिने नऊ दिवस हे सुईणी पाळीपासूनच मोजत आल्या आहेत, हे मला तेव्हा माहीत होतं. पण ओली बाळंतीण, अंगावर शाल, मांडीवर पोर. मी काय बोलणार होते?

आमच्याकडं डेअरीतून दुधाच्या आधीच उचल मिळते, तिला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. कुणी सुरुवात केली ते कळलं नाही, पण माझ्या मुलीला गल्लीत 'अ‍ॅडव्हान्स' म्हणायला लागले. ती रांगत बाहेर गेली की "आली बघा अ‍ॅडव्हान्स." तिला वाटायचं हे तिचं लाडाचं नाव आहे. ती हाकेला ओ द्यायची.

मी भांडले नाही. भांडले असते तर काकीला ते आवडलं असतं. मी शिकले. बारामतीच्या बाई बोलायला मोकळ्या होत्या. जाईन तेव्हा मी माझ्याच रिपोर्टमधल्या ओळी विचारायचे आणि त्या सांगायच्या. मोबाइलवर मराठीतून समजावणारे व्हिडिओ होते, ते बघायचे आणि पुढच्या खेपेला त्यातलं खरं किती ते बाईंना विचारून घ्यायचे. मग हळूहळू लोक माझ्याकडं यायला लागले. पहिली आली ती मागच्या आळीतली एक पोटुशी मुलगी. तिच्या तीन सोनोग्राफींवर बाळंतपणाच्या तीन वेगळ्या तारखा होत्या आणि काकीनं तिला सांगितलं होतं की बाळाची वाढ खुंटली. मी तिला सांगितलं, पहिल्या सोनोग्राफीची तारीख धरायची. सुरुवातीला सगळी बाळं जवळजवळ सारख्याच मापानं वाढतात, म्हणून ती तारीख पक्की असते. पुढं कुणाचं बाळ अंगानं थोराड, कुणाचं बारीक, माणसांसारखंच. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख नाही बघायची, वाढ बघायची, पाणी पुरेसं आहे का ते बघायचं. आणि काही शंका असेल तर माझ्याकडं नाही, डॉक्टरांकडं जायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. हे शेवटचं मी प्रत्येकीला सांगायचे.

तिचं बाळ धडधाकट झालं. त्यानंतर काकीच्या ओसरीवरून एकेक बाई उठली आणि अंगण ओलांडून आमच्या ओसरीवर आली. काकीला समोरून सगळं दिसायचं. मी मुद्दाम दाराजवळच बसायचे.

मधे मला मुलगा झाला. त्या वेळी नवरा प्रत्येक सोनोग्राफीला बारामतीला आला आणि प्रत्येक वेळी मी त्याला बाहेर बसवलं. आत आईला नेलं. पाचव्या महिन्यात बाळाचे सगळे अवयव नीट बघतात. काळजाचे चार कप्पे, पाठीचा कणा, दोन्ही मूत्रपिंडं. ते सगळं मी बघितलं, आईनं बघितलं. त्यानं विचारलं, "काय दिसलं?" मी म्हणाले, "रिपोर्ट हाय की. वाचा."

माझ्या लग्नानंतर सात वर्षांनी काकीच्या मुलाचं लग्न झालं. सून बार्शीकडची, बोलायला मोकळी, स्कुटीवरून नोकरीला जाणारी. वर्षाच्या आत तिला दिवस गेले. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, काकी बचत गटाच्या मीटिंगला गेली असताना, ती रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आली. डोळे सुजले होते.

"वहिनी, सासूबाई म्हणतात बाळ उलटं आहे, आणि वार खाली सरकलीय. म्हणे स्कुटीमुळं. माझ्या आईलाही फोन करून बोलल्या, की पोरीला वळण नाही. आणि परवा पोट चोळायला बाई बोलवलीय पळसदेवची."

मी रिपोर्ट वाचला. बाळ पायाळू स्थितीत होतं आणि वार, म्हणजे प्लॅसेंटा, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ होती. पाचव्या महिन्यात ह्या दोन्ही गोष्टी कित्येकींच्या रिपोर्टवर असतात. पण चोळणं हे भलतंच होतं. मी तिला तिथल्या तिथं तिच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर फोनवर ओरडलेच. पोटाला कुणीही हात लावायचा नाही, रक्त दिसलं तर तडक दवाखान्यात यायचं, जड काही उचलायचं नाही, आणि आठव्या महिन्यात पुन्हा बघू.

सून शांत झाली. आता काकी आली की तिला घरात नेऊन हळूच सांगितलं असतं तरी चोळणारी बाई आली नसती. पण दुसऱ्या दिवशी काकीच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि सगळी गल्ली येणार होती. मी सुनेला विचारलं, "उद्या सगळ्यांसमोर बोलू का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. माझी गोष्ट तिला कुणीतरी सांगितली असणार. "बोला," ती म्हणाली.

मी लग्नातला हिरवा शालू नेसून गेले. काकीच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली, वीस-पंचवीस बायका, वाण म्हणून स्टीलचे डबे. माझी सासू भिंतीला टेकून बसली होती. काकी हळदीकुंकू लावत फिरत होती आणि सांगत होती, "आमच्या सूनबाईचं बाळ उलटं हाय. वार पन खाली. स्कुटीवर उडती ना दिसभर. उद्या बाई येनार हाय चोळायला. दोन येळा चोळलं की सरळ."

मी म्हणाले, "काकी, रिपोर्ट हाय का हितं?"

"हाय की."

"मग वाचून दावा ना. समद्या हायत, समद्यांना कळंल."

कागद वाचायला सांगितल्यावर काकी खुलली. तिनं चष्मा पुसला. सुनेनं रिपोर्ट आणून दिला. काकी एकेक अक्षर लावत 'ब्रीच' पर्यंत आली आणि म्हणाली, "ब्रीच. म्हंजे उलटं."

"उलटं असलं तर काय होतं?"

"काय म्हंजे? उलटं जल्मतं."

"पाचव्या म्हयन्यात जल्मतं का?"

एक बाई फिसकन हसली. मी म्हणाले, "पाचव्या महिन्यात बाळ वीतभर असतंय काकी. आत जागा मोप असती. सकाळी डोकं वर, दुपारी खाली. फिरतच असतंय. आन् पोट वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकती. स्कुटीचा काय संबंध न्हाय. पण वार खाली असताना कुणी पोट चोळलं, तर रक्त जाऊ शकतं, बाळाच्या आन् आईच्या जिवावर बेतू शकतं. काय सांगितलं गं काल डॉक्टरांनी?"

सुनेनं सांगितलं. स्पष्ट, मोठ्यानं. काकीनं कागदाची घडी घालायला घेतली.

"थांबा. वरची एक ओळ राहिली. आठवडं किती लिहिल्यात?"

"ईस."

"कवापासून ईस? लग्नापासून, का बाळ राहिल्यापासून?"

काकी म्हणाली, "मला काय म्हाईत?"

"आठ वर्सांमागं तर म्हाईत व्हतं की."

 माझी सासू म्हणाली, "अगं, आज कशाला..." मी तिच्याकडं बघितलं आणि ती थांबली.

"काकी, माझ्या लग्नाचा दिवस धरायच्या आधी माझ्या आईला फोन कुणी केला व्हता?"

"देवाला जायचं असतंय. म्हनून इचारलं."

"काय इचारलं?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. "तारीख."

"आन् आईनं सांगितली. ती पाळी ठरल्यासारखी लग्नाच्या बारा दिवस आधी आली. ती कवा येनार, हे ह्या अंगणात लग्नाआधी तुमाला म्हाईत व्हतं. व्हय का न्हाय?"

"आसंल. ध्यानात न्हाय."

"काकी, पोटुशी बाईला पाळी येती का?"

तिच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. ते तिनं खाली ठेवलं. माझा आवाज चढला नव्हता. आठ वर्षं मी हे मनात इतक्या वेळा बोलले होते, की प्रत्यक्ष बोलताना जिभेला काही कष्ट पडले नाहीत.

"आठवडं पाळीपासून मोजत्यात. माझं तसंच मोजलं, हिचं तसंच मोजलं, हितं बसलेल्या समद्यांच्या पोरांचं तसंच मोजलं. तुमी ज्या नावानं माझ्या पोरीला गावभर हाका मारायला लावल्या, ती पोर आता दुसरीत हाय. तिला वाचता येतं."

"मोजन्यात चुकलं आसंल," काकी पुटपुटली.

"मोठ्यानं म्हना. तवा मोठ्यानं म्हनला व्हता."

"मोजन्यात चुकलं."

"कुणाच्या?"

 सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या, आणि बारशाला ज्या हसल्या होत्या त्या जास्त बघत होत्या. "माझ्या," ती म्हणाली आणि आत निघून गेली. उरलेल्या बायकांना हळदीकुंकू सुनेनं लावलं. मी माझा स्टीलचा डबा घेतला, शालूचा पदर सावरला आणि अंगण ओलांडून घरी आले. इतकं गाढ मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा झोपले असेन.

चोळणारी बाई आली नाही. आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीला मी हट्टानं काकीला बरोबर घेतलं. डॉक्टर म्हणाले, "बाळ फिरलंय, डोकं खाली आहे. वारही वर सरकली." मी काकीकडं वळून विचारलं, "ऐकू आलं ना?" तिनं मान हलवली. बाळंतपणाच्या वेळी ठोके कमी झाले म्हणून सिझेरियन करावं लागलं. दोघं सुखरूप. तेव्हा काकीनं दवाखान्याच्या बाकावर बसून एकदा म्हणून बघितलं, "चोळलं असतं तर मोकळी झाली असती." तिच्या मुलानंच तिला सांगितलं, "आई, गप बस."

माझ्या मुलीला आता कुणी त्या नावानं हाक मारत नाही. काही दिवस तिनं विचारलं, मला अ‍ॅडव्हान्स का म्हणत नाहीत? मी सांगितलं, ते तुझं नाव नव्हतंच. ती मोठी झाली की तिला सगळं सांगणार आहे, काकीचं नाव घेऊन.

काकी समोरच राहते. दिवाळीत सुनेच्या हातानं फराळाचं ताट येतं. सुनेसाठी मी ते ठेवून घेते, पण तोंडात काही घालत नाही. नवरा खातो. परवा करंजी खाता खाता तो म्हणाला, "झालं की आता. काकीनं समद्यांसमोर कबूल केलं. आजून किती धरून ठेवनार?"

"काकीचं झालं," मी म्हणाले. "तुमचं राहिलंय."

"माझं काय?"

"बागेत मला जे इचारलं व्हतं, त्याचं."

त्यानं करंजी ताटात ठेवली. "डॉक्टरांपुढं इचारलं की मी. लाज गेली माझी."

"इचारलं. माफी न्हाय मागितली."

 विहिरीवरची मोटार चालू करायची आहे म्हणून तो उठून गेला. अजून त्यानं मागितलेली नाही. मलाही घाई नाही.